बाटलीचा नंबर

"टाका की कुठलाही एक नंबर," साहेब म्हणाले. "तिकडे कोण बसलंय बाटल्या मोजत?"

लसीकरणाच्या खोलीत सिस्टर टेबलाच्या अलीकडे, साहेब पलीकडे. एके काळी याच दवाखान्याचे मुख्य होते ते. तेव्हा कुणी आलं तर खुर्चीवरून उठतसुद्धा नसत. आज उभे होते, हातात परदेशाचा फॉर्म, शेजारी दहा वर्षांची लेक. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. पुढे गाढव लाथही मारतं, ते मात्र म्हणीत कुणी सांगत नाही.

फॉर्मला गोवर-रुबेलाच्या दोन डोसांच्या तारखा हव्या होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे लसीच्या बाटलीचा नंबर. जिथं मुलाची नोंद, तिथलाच शिक्का. विमान दहा दिवसांवर आलेलं, आणि अख्ख्या कुटुंबाच्या व्हिसाची मंजुरी महिनाअखेर संपत होती.

सिस्टरनं जुनं रजिस्टर काढलं. पान शोधावं लागलं नाही. पहिल्या डोसापुढे बरोबरची खूण होती, तारीख होती, सही तिचीच होती. नंबराचा चौकोन तेवढा कोरा. दुसऱ्या डोसाची तर ओळच रिकामी.

"हा कोरा का राहिला, आठवतंय?"

"नऊ वर्षं झाली, बाई. कुणाला आठवतंय!"

"मला आठवतंय ना. तुम्ही म्हणालात, उद्या सहलीला निघालोय, पोरीला ताप नको. टोचू नका, नुसतं मांडून टाका. मुख्य तुम्ही, मी मांडलं. पण बाटलीच फोडली नाही, तर नंबर कुठून आणू?"

"बरं, तेव्हा नाही लिहिला, आता लिहा."

"आणि सहलीहून आलात ते गोवर घेऊन. फणफणलेली पोर थेट इथं आणलीत, या टेबलावर निजवलीत. टेबलाखाली टोपलीत माझी पाच महिन्यांची झोपली होती. तिचं लसीचं वयच झालं नव्हतं."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. तिथं सिस्टरची लेक शाळेच्या गणवेशातच कापसाचे बोळे वळत बसली होती. "बसलीय की चांगली ठणठणीत," ते म्हणाले. "उगाच जुनी मढी उकरू नका. आणि गोवर तर माझ्या पोरीलाही झाला. मग लस हवीच कशाला?"

"गोवर झाला, रुबेला कुठं झालाय? सुई दोन्हीची एकच." सिस्टर त्यांच्या लेकीकडे वळली. "बाही वर कर, बाळ."

"हां! आता कसं शहाण्यासारखं!" साहेब खुशीत येऊन खुर्चीत बसले.

सिस्टर हात धुऊन आली. तिनं नवी बाटली फोडली, औषध कालवलं, सुईत ओढलं. पोरीनं घट्ट डोळे मिटले. तिचा बिचारीचा काय दोष? खिडकीतली उठून आली, तिच्या गालाला बोट लावून तिला डोळे उघडायला लावले आणि स्वतःच्या दंडाला हळूच चिमटा काढून हसली. मुंगी, बस्स. पोरगीही हसली. तेवढ्यात टोचूनसुद्धा झालं.

मग सिस्टरनं फॉर्म ओढला. पहिला डोस, आजची तारीख. बाटली डोळ्यांजवळ धरून तिनं नंबराचा एकेक अंक उतरवला. दुसरा डोस, अठ्ठावीस दिवसांनी. खाली सही, वर शिक्का. खाडाखोड केली तर फॉर्म बाद, असं त्याच्यावरच छापलेलं होतं.

साहेबांनी वाचलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अठ्ठावीस दिवस? अहो, मंजुरी संपतेय माझी! राजीनामा दिलाय, घर विकलंय. कुठं जायचं आम्ही?"

"ते मी कसं सांगू?"

"जुनी खोटी नोंद तुमच्या सहीची आहे, विसरू नका. मी बुडालो ना, तर तुम्हाला घेऊन बुडेन!"

सिस्टरनं खणातून एक कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. "माझा कबुलीजबाब. तुमच्या नावासकट. नऊ वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता, पण धीर होत नव्हता. काल तुमचा फोन आला आणि झाला. आज सकाळी वरच्या ऑफिसात देऊन आले, खाली पोच आहे बघा. चला, बुडूया दोघं."

"सूड उगवताय माझ्यावर!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. सुयांचा ट्रे खणखणून खाली पडला. त्यांची लेक दचकून भिंतीला टेकली. खिडकीतली परत आपल्या जागी खाली मान घालून बोळे वळत होती.

साहेब भानावर आले, आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या पोरीला तरी बाहेर पाठवा. मुलांनी ऐकू नये असलं."

"तिला ऐकूच येत नाही, साहेब. त्या गोवरापासून."

साहेबांचा हात टेबलावर तसाच राहिला. तेवढ्यात खिडकीतल्या पोरीनं मान वर केली. त्यांचा लालबुंद चेहरा तिला दिसला, पायाशी पडलेल्या सुयाही दिसल्या. ती उठली, त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली आणि स्वतःच्या दंडाला हळूच चिमटा काढून हसली.

"काय... काय म्हणतेय ती?"

"घाबरू नका म्हणतेय. मुंगी चावल्याएवढंच दुखेल." सिस्टरनं रजिस्टर मिटलं. "पोर भोळी आहे माझी, साहेब. मी नाही."