फेसाच्या तळ्यातली बाई

“तेवढी बाई काढून टाका,” गेम कंपनीचा अजित म्हणाला. “बाकीचा खेळ आहे तसा घेतो आम्ही.”

बंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या त्या ऑफिसात भिंतभर पडद्यावर कस्तुरीची स्वप्नं पसरली होती. प्रणिता पोटात असताना पडलेली. पुढे लेक निजली की तेवढ्या वेळात तिने ती थोडी थोडी करून व्हिडिओ गेममध्ये उतरवली होती. इथे भिंतीला हात लावला की भिंतीची म्हैस व्हायची. जिना चढत गेलं की माणूस तळ्याच्या तळाशी पोचायचं. जिंकणं नाही, हरणं नाही. तरी या खेळापायी वेडे झालेले लोक होते. एकाने तर दंडावर ती म्हैस गोंदवून घेतली होती.

पण फेसाळ तळ्यातली बाई दिसली की सगळे पळत. तिला चेहरा नव्हता. लांबच लांब हात पसरून ती पुढे यायची आणि घोगऱ्या आवाजात म्हणायची, “बा… बा…”

“खेळ तपासणारी आमची पुण्याची पोरं तिथेच खेळ बंद करतात. मेलेल्या बापाला हाका मारते म्हणे, ‘बाबा, बाबा’! बाई गेली तर आज सही करू, नाहीतर राहू दे.”

“तिच्याजवळ कुणी गेलंय का?” कस्तुरीने विचारलं.

“कोण जाईल हो?”

तेही खरंच. कस्तुरीचा नवरा गुरुराजसुद्धा तिथेच हातातलं टाकून चहा करायला पळाला होता.

तिने हुज्जत घातली नाही. पाळणाघराला सुट्टी म्हणून सोबत आणलेल्या प्रणिताच्या हातात कंट्रोलर दिला.

“स्वल्प खेळून बघ गं.”

“अहो, घाबरेल ती!”

“बघू या की.”

फेस हलला. बाई आली. “बा… बा…”

“पळ, बाळा, पळ!” अजित खुर्चीतून अर्धा उठला.

“का पळू?” प्रणिताने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. “बाबांना नाही हाक मारत ती, अण्णा. आमच्या खालच्या मजल्यावरची अक्का मला कानडीत ‘बा, बा’ म्हणते ना, तसं. ‘ये’ म्हणतेय!”

आणि ती सरळ चालत गेली.

लांब हात मिटले. पडदा काळाकुट्ट झाला. अजितने कस्तुरीकडे पाहिलं. तिने नुसतं पडद्याकडे बोट केलं.

मग हळूहळू उजाडलं. जमीन आता बरीच खाली गेली होती. बाईने प्रणिताला कडेवर घेतलं होतं, आणि त्या उंचीवरून, फेसाच्या पलीकडे, आजवर कुणालाच न दिसलेला अर्धा खेळ सुरू होत होता.