उजवीकडची सीट

“तिथे नको. मागे बस,” कासिमभाई म्हणाले.

अंकुशने उघडलेलं पुढचं दार पुन्हा लावलं. त्या सीटवर एक जाड निळी उशी होती, मधोमध दबलेली. तो मुकाट्याने मागे बसला आणि दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं. इथून स्टिअरिंगमागचे सगळे दिवे दिसत होते. त्यातला एकच त्याला बघायचा होता.

गाडी जपानी होती. दुबईची नोकरी सोडून परतताना कासिमभाईंनी ती जहाजाने आणली होती. तिकडची असल्यामुळे स्टिअरिंग डाव्या बाजूला. दिवा पिवळा, त्यावर छोटीशी गाडी आणि तिच्या चाकांमागे नागमोडी रेघा. गाडी सुरू करताना क्षणभर दिसायचा तेवढाच. एरवी चार वर्षांत कधी लागला नव्हता. पत्नी फातिमाबींच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा झाला आणि त्यानंतर तो वाटेत मधेच लुकलुकायला लागला. लुकलुकायचा आणि आपोआप विझायचा.

शिरवण्याच्या आपल्या गॅरेजमध्ये अंकुशने चारही चाकं उतरवून पाहिली. चाकाजवळचे सेन्सर पुसले, वायरी तपासल्या, फ्यूज बदलला. गॅरेजमध्ये दिवा लागतच नसे. उरणला घरी पोचेपर्यंत मात्र हटकून लागलेला असे.

“डॉक्टरकडे गेलं की दुखायचं थांबतं ना चाचा, तशी हाय तुमची गाडी,” अंकुश म्हणाला होता.

कासिमभाई हसले नव्हते. त्यांचा मुलगा रमीज दुबईलाच होता. त्याने फोनवर सांगितलं होतं, “अब्बा, आता एकट्याने गाडी नको. पनवेलचा एक माणूस रविवारी येऊन ती विकत घेऊन जाईल.”

“बिघाड गाडीत आहे, माझ्यात नाही,” कासिमभाईंनी उत्तर दिलं होतं.

“ठीक आहे. रविवारपर्यंत दिवा गेला तर ठेवा.”

आज शनिवार होता. दिवा नेमका कधी लागतो ते बघायला अंकुश स्वतः गाडीत बसला होता.

उरणच्या रस्त्याला लागल्यावर बंदराकडे निघालेले कंटेनर दिसू लागले. पहिल्याच कंटेनरमागे कासिमभाईंनी वेग कमी केला. मान किंचित उजवीकडे वळवली.

“काढू?”

अंकुशला वाटलं, आपल्यालाच विचारलं. तो खिडकीतून वाकणार, एवढ्यात गाडी डावीकडे वळली. डावी चाकं डांबर सोडून खडीत उतरली. कासिमभाईंनी जोर दिला. मागचं चाक जागच्या जागी फिरलं, खडी उडाली आणि पिवळा दिवा लुकलुकला. कंटेनरच्या डाव्या अंगाने गाडी पुढे निघाली, पुन्हा डांबरावर आली. दिवा विझला.

“बघ, लागला!” कासिमभाई म्हणाले. आवाजात जवळजवळ आनंद होता.

अंकुशने कासिमभाईंच्या खांद्यावरून पुढे पाहिलं. डाव्या सीटवरून समोर फक्त कंटेनरची पाठ दिसत होती. पलीकडून काय येतंय ते दिसायचं तर उजव्या सीटवरून. त्याला फातिमाबी आठवल्या. उंचीला कमी, म्हणून खाली उशी. गॅरेजमधून निघतानासुद्धा त्यांचा आवाज यायचा, “थांबा, रिक्षा येतेय... थांबा म्हटलं ना... हां, आता काढा.” गाडी चालवता येत नसून अर्धी गाडी त्याच चालवायच्या.

पुढे दुसरा कंटेनर आला. मान पुन्हा वळली.

“काढू?”

या वेळी अंकुश आधीच उजव्या खिडकीला टेकला होता. समोरचा रस्ता मोकळा होता. ‘काढा’ हा शब्द त्याच्या ओठांवर आला. पण प्रश्न त्याला नव्हता. कासिमभाई थोडा वेळ थांबले. मग गाडी खडीत उतरली.

डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई कडेने चालली होती. तिने बाजूला उडी घेतली. पाटी कशीबशी सावरली. “डोले फुटले काय रं तुजे!” तिचा आवाज मागे पडत गेला.

“चाचा, बाजूला घ्या,” अंकुश म्हणाला.

मिठागराजवळ गाडी थांबली. कासिमभाईंचे हात स्टिअरिंगवरच होते.

“गाडीत काय बिघाड नाय, चाचा.”

“मग दिवा?”

“चाक घसरलं की तो लागतो. त्याचं कामच ते. तुमी खडीत घालता, म्हणून घसरतं.”

“उजवीकडचं मला दिसत नाही.”

“ठाऊक हाय.”

एक कंटेनर हॉर्न देत गेला. त्याच्या वाऱ्याने गाडी हलली.

“मग मी काय करू?”

“ट्रकच्या मागं राहायचं.”

“धूर खात? तिला धूर सोसत नव्हता.”

अंकुशने खाली पाहिलं. “उशीर होईल थोडा, एवढंच.”

“उशिराचं काही नाही,” कासिमभाई म्हणाले. “घरी कोण आहे.”

त्यांनी मागे फिरून अंकुशला शिरवण्याला सोडलं. उतरताना अंकुश म्हणाला, “रमीजला सांगा, झालं काम.” कासिमभाईंनी मान हलवली आणि गाडी वळवली.

उरणच्या रस्त्यावर पुन्हा एक कंटेनर पुढे आला. कासिमभाईंनी वेग कमी केला. सवयीने मान उजवीकडे वळली. निळ्या उशीवर उतरतं ऊन पडलं होतं. त्यांनी विचारलं नाही. काच वर केली आणि मागेच राहिले.

उरण येईपर्यंत दिवा लागला नाही.