रिकामी बरणी

"फुलदाण्या भाड्यानं कशाला? माझ्या बरण्या आहेत की कॉलनीभर!" लेकीच्या रिसेप्शनला बारा टेबलं होती. वर्षानुवर्षं ज्या काचेच्या बरण्यांतून लोणचं वाटलं, त्यांतच झेंडू सजवायचा, असं कालिंदीबाईंनी ठरवलं आणि शेजारणींना निरोप धाडला.

बरण्या आल्या, पण एकही रिकामी नव्हती. कुणी तांदूळ भरले होते, कुणी मूग, कुणी हळद, कुणी मसूरडाळ.

"अहो, आता फुलं कुठं ठेवू?" त्या करवादल्या.

"लग्नघरी रिकामी बरणी धाडू होय? काहीतरीच तुमचं!" शेजारीण म्हणाली आणि गेलीसुद्धा.

लेक मात्र हसत सुटली. तिनं झाकणांवर एकेक झेंडू ठेवून बरण्या तशाच टेबलांवर मांडल्या. पांढरी, हिरवी, पिवळी, केशरी टेबलं बघून वराकडच्या एका बाईंनी डेकोरेटरचा नंबर मागितला. कालिंदीबाईंनी खुशाल स्वतःचा दिला.

समारंभानंतर बाराही बरण्या लेकीच्या नव्या घरी गेल्या. महिन्याभरानं तिचा फोन आला. "आई, मसुराची बरणी रिकामी झाली. परत पाठवू?"

"रिकामी? काहीतरीच तुझं!" कालिंदीबाई म्हणाल्या. "तुझ्या हातचं लोणचं घाल आणि घेऊन ये."