दार वाजतं तेव्हा

तिसरी घंटा झाली आणि विंगेत उभे असलेले विसूकाका घामाने भिजले. साठी उलटल्यावर लिहिलेलं पहिलं नाटक, आणि सुरुवातीची तीन मिनिटं एकही संवाद नाही!

"लोकांनी हुल्लड केली, तर उद्यापासून विनोदी प्रवेश घालीन हं काका," दिग्दर्शिका माधवीने बजावलं होतं.

पडदा उघडला. रंगमंचावरच्या बाईने दोन ताटं वाढली. दार वाजताच ती हसत उठली, पण कडीला हात लावून तिथेच थबकली. दार पुन्हा वाजलं.

प्रेक्षागृह चिडीचूप. काकांना वाटलं, सगळे उठून गेले.

इतक्यात एक आजी ओरडल्या, "उघडू नकोस गं पोरी, तो नव्हे हा!"

माधवीने काकांचा हात गच्च धरला. "काका, उद्या दार आणखी एकदा वाजवू या?"