हितचिंतकाची ऑर्डर

फोटोग्राफर लग्नांचे फोटो काढायचा आणि वेबसाइटवर येणाऱ्या प्रिंटच्या ऑर्डरी त्याची बायको बघायची. गेले तीन महिने कुणीतरी 'हितचिंतक' या नावानं ऑर्डर देत होतं, पत्ता कुठल्याशा शिवणाच्या दुकानाचा. मागवलेल्या प्रत्येक फोटोत नवरानवरीच्या मागे, कधी आरशात तर कधी काचेच्या दारात, कॅमेरा धरलेला तिचा नवराच नकळत आलेला असायचा.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

"अहो, ही हितचिंतक कोण?"

"मला काय ठाऊक? गिऱ्हाईक म्हणजे देव, असं तूच म्हणतेस ना!"

"देव असं शोधून शोधून तुमचेच फोटो मागवत नाही," ती हळूच म्हणाली. त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही.

पुढच्या ऑर्डरीखाली 'शिवणाचं दुकान बंद आहे, मीच येऊन नेईन' असं लिहिलं होतं. 'देवा, माझा संशय खोटा ठरू दे,' म्हणत ती सकाळपासून स्टुडिओच्या काउंटरवर दाराकडे डोळे लावून बसली. दुपारी दार ढकलून आत आल्या त्या तिच्या सासूबाई! मुलानं पक्की नोकरी सोडून कॅमेरा हातात घेतला, तेव्हापासून दोन वर्षं त्यांनी त्याच्याशी अबोला धरला होता.

"तो नाहीये ना गं आत?" दबक्या आवाजात विचारत त्यांनी काउंटरवरचं फोटोंचं पाकीट घाईघाईनं पिशवीत सरकवलं.

"सगळ्या जगाचे फोटो काढतो मेला, पण त्याचा फोटो कुणी काढतं का? मग मी बघायचं तरी काय!"