रुझित्साच्या कबरीवरची खुंटी

"थांब! ठेव ती खाली!" देसांका दफनभूमीच्या फाटकातूनच ओरडली.

उशीर झाला होता. तिच्या धाकट्या बहिणीच्या, रुझित्साच्या, कबरीतली खुंटी सिनेमावाल्याच्या हातात होती, आणि तो चाकूने तिचं जळकं टोक तासत होता. कबरीच्या मधोमध, छातीच्या जागी, मुठीएवढं भोक उघडं पडलं होतं.

"दोन मिनिटं, आजी," तो म्हणाला. "आमची खुंटी रबराची आहे. कॅमेऱ्यात खोटी दिसते. ही कशी झकास आहे!"

"दोन मिनिटांत काय होईल ठाऊक आहे का रे गाढवा?"

चार दिवसांपासून ही बेलग्रेडची मंडळी गावात ठाण मांडून होती. पोरापोरींसाठीचा सिनेमा. एक पांढराफटक व्हॅम्पायर, एक लांडगा होणारा पोरगा, आणि दोघांच्या मधोमध एक मुलगी. सकाळपासून ती थडग्यांमध्ये उभी राहून एकच वाक्य म्हणत होती, "मला चाव. मग आपल्याला कुणीच वेगळं करणार नाही." कुंपणावर बसलेलं गाव हसून लोळत होतं. "हा व्हॅम्पायर? याला आधी सूप पाजा कुणीतरी!"

देसांकाला हसू आलं नाही. कबरीतून परत येणारी माणसं अशी लुकडी आणि देखणी नसतात. ती लालबुंद, फुगलेली असतात. आणि ती परक्या पोरींकडे जात नाहीत, स्वतःच्या घरी येतात. आधी नवऱ्याकडे किंवा बायकोकडे, मग भावंडांकडे. म्हणजे रुझित्सा उठलीच तर पहिला तिचा नवरा तिहोमिर जाणार होता आणि दुसरी देसांका.

आणि तिने उठावं अशी चूक तिहोमिरनेच केली होती. मार्च महिन्यात रुझित्सा गेली. प्रेत घरात होतं, उशाशी मेणबत्ती होती, आणि राखणीला नवरा होता. पहाटे त्याचा डोळा लागला. देसांका दारात आली तेव्हा मांजर प्रेतावरून उडी मारून पलीकडे उतरत होतं. मांजराने ओलांडलेलं प्रेत कबरीत राहत नाही. त्या दिवसापासून तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. झोपाळ्या म्हणायची.

"ग्लोगची खुंटी ठोक तिच्यावर," तिने त्याला बजावलं होतं. "नाहीतर तुलाच तिथे गाडते." ग्लोगचं काटेरी लाकूड छातीवर रोवलं की मेलेलं माणूस उठत नाही. तिहोमिरने लाकूड स्वतःच तोडून आणलं, साल सोलून टोकापर्यंत काळं जाळलं आणि ठोकलं. देसांकाने शेजारी उभं राहून नऊ घाव मोजले होते.

मग सहा महिने दोघांचं नुसतं भांडण. चाळीस दिवस झाले की आत्मा घर सोडतो, मग त्याच्यासाठी काही ठेवायचं नसतं. तरी हा रोज संध्याकाळी खिडकीत पाव आणि पाणी ठेवायचा. दाराला कडी लावायचा नाही.

"चोर शिरतील, झोपाळ्या!"

"शिरू देत."

आता तिहोमिर दफनभूमीच्या नळावरून धावत आला. हातातली झारी वाटेतच पडली. त्याचा चेहरा त्या पावडर फासलेल्या पोरापेक्षाही पांढरा झाला होता. त्याने सिनेमावाल्याला ढकललं, खुंटी हिसकावली आणि तिचं टोक मुठीत धरून ती छातीशी घट्ट आवळली.

"वा रे राखण!" देसांका म्हणाली. "घरात असताना सांभाळता आली नाही, इथे आल्यावरही नाही. आण ती. आता मी ठोकते."

"मी ठोकतो. तू जा."

"तू? तू झोपशील ठोकता ठोकता."

"देसांका, जा म्हणतो ना!"

तिने त्याची बोटं एक एक करून उचकटली आणि खुंटी ओढून घेतली.

जळकं टोक तासलं गेलं होतं. आतलं लाकूड उघडं पडलं होतं. ग्लोग आतून हाडासारखा पांढरा असतो. हे लाकूड तांबूस होतं. गवतात ढलप्या पडल्या होत्या. तिने एक उचलली, बोटांत चुरडली, नाकाशी धरली. तिचं सगळं आयुष्य आलुबुखाराच्या बागांत गेलं होतं. तिला दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही. रुझित्साच्या स्वयंपाकघरामागे एक झाड होतं, तिनेच लावलेलं. त्याची एक फांदी या वसंतात कमी दिसत होती, आणि देसांकाला वाटलं होतं की बर्फाने मोडली असेल.

आलुबुखाराची खुंटी कुणालाच अडवत नाही.

"सहा महिने," ती कुजबुजली. "आणि ती आली असती तर?"

"दार उघडंच आहे," तिहोमिर म्हणाला. "ती येत नाही."

कुंपणावरून कुणीतरी ओरडलं, "काय गं देसांका, बिघडली का खुंटी? नवा ग्लोग तोडून आणू?"

देसांकाने ढलप्या पायाने मातीत सारल्या.

"काही नको," ती म्हणाली. "ग्लोगच आहे. चांगला आहे."

तिकडे कॅमेऱ्यापुढे कुणीतरी क्लॅप दिला, आणि ती मुलगी पुन्हा म्हणाली, "मला चाव." देसांका गुडघ्यांवर बसली. तिने खुंटी भोकात उभी केली. सिनेमावाल्याने घाबरत घाबरत एक दगड पुढे केला.

तिने तो घेतला नाही. खुंटी हातानेच दाबली, जेमतेम उभी राहील एवढीच.