घरचं कोरल

पिचकारीचा तिसरा फवारा बसला आणि कोरलच्या फांदीवरून किडा सुटला. तांदळाच्या दाण्याएवढा, चपटा, जवळजवळ पारदर्शक. डॉक्टरांनी औषधाच्या पाण्याचा टब खिडकीजवळ ओढला आणि पुन्हा पिचकारी मारली. आणखी एक सुटला, मग सहा-सात एकदम. ते जिथे चिकटून बसले होते, तिथे फांदीवर गोल पांढरे चट्टे पडले होते.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून चार वर्षं झाली होती, पण दाढेमागे डोकावायचा लहान आरसा त्यांनी जवळ ठेवला होता. आता त्या आरशानं ते कोरलच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत पाळलेल्या जिवंत प्रवाळाच्या, फांद्यांमागे डोकावत. चौदा वर्षांपूर्वी अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, त्याचं टाकीचा अर्धा कोपरा भरणारं निळं झुडूप झालं होतं. बायको त्याला 'माझी सवत' म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आता सवतीचा बुंधा पांढराफटक पडला होता. टोकांना तेवढा रंग उरला होता, तोही आठवडाभर टिकला तर टिकला.

डॉक्टरांनी सगळा दोष दुकानदारावर ढकलला. उन्हाळ्यात त्याच्याकडून एक नवं कोरल आणलं होतं. नेहमीच्या नियमानं ते तीनदा औषधात बुडवलं होतं आणि सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवलं होतं. तरी दोष दुकानदाराचाच. कुणाचा तरी असायला हवा होता आणि तो बिचारा सोयीचा होता.

आता एकच आशा उरली होती: धाकटी बहीण. कोरल पाळणाऱ्यांची एक रीत असते. आपल्याकडच्या उत्तम कोरलची फांदी भरवशाच्या घरी देऊन ठेवायची. आपल्या टाकीवर संकट आलं, तर तिथून ती परत मिळते. अडीच वर्षांपूर्वी बहिणीनं नवी टाकी मांडली, तेव्हा डॉक्टर स्वतःच्या हातानं फांदी घेऊन गेले होते.

बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. त्या दिवशी तिनं औषध मोजून तयार ठेवलं होतं.

"दादा, आधी बुडवून काढते आणि सहा आठवडे वेगळं ठेवते. तूच शिकवलंस ना?"

"अगं, ते बाजारातल्या मालाला! हे घरचं आहे. माझ्या कोरलवर तुझा विश्वास नाही का?"

डॉक्टर हसतच म्हणाले होते, पण ते हसणं कसलं आहे हे बहिणीला लहानपणापासून माहीत होतं. तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि फांदी सरळ आपल्या टाकीत सोडली. दादाचा शब्द तिनं खाली पडू दिला नाही.

चार महिन्यांनी तिचा फोन आला. "दादा, रागावू नकोस. पण तुझं कोरल एकदा बाहेर काढून नीट तपास. त्यात किडा असेल."

डॉक्टर नाकावर माशी बसू न देणारे. "आधी स्वतःची टाकी सांभाळ," म्हणाले आणि फोन ठेवला. पुढचे दोन फोन त्यांनी उचललेच नाहीत. मग ते यायचे बंद झाले. बायकोनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "तिची टाकी बहरली असेल, म्हणून मला अक्कल शिकवायला निघाली." हे इतक्या वेळा सांगितलं, की त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं. दोन वर्षं अशीच गेली.

आता झाकणाचा डबा घेऊन ते तिच्या दारात उभे होते. जिना चढताना जुळवलेली वाक्यं, दार उघडताच कुठल्या कुठे गेली.

"दादा!" बहीण म्हणाली आणि तिनं दार पूर्ण उघडलं. "आत ये ना. असा दारात काय उभा?"

"तुला दिलेल्या कोरलची एक फांदी हवी होती," डॉक्टर म्हणाले. "माझं जातंय. किडा लागलाय."

ती त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. टाकी भिंतीशी होती. कोरडी. आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले होते आणि काचेवर पाण्याच्या जुन्या पातळीची मिठाची रेघ होती.

"तुझ्या टाकीतला तो पिवळा मासा आहे ना अजून?" तिनं विचारलं.

"गेला. तीन महिने झाले. म्हातारा झाला होता."

"तोच किडे खात होता, दादा. म्हणून तुझ्याकडे ते असूनही वाढले नाहीत. माझ्याकडे तसा मासा नव्हता." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वर्गात एखादा धडा समजावून सांगावा, तसं ती सांगत होती.

डॉक्टर पलंगाच्या कडेवर टेकले. दुकानदार आठवला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी फक्त पाच मिनिटं लागली असती. औषध मोजून तयार होतं. 'बुडव की, काय बिघडतं' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. माफी मागावी असं फार वाटलं. पण थोरलेपणाची सवय वाईट, त्यांच्या तोंडून निघाला तो रागच.

"मग फोनवर हे धड सांगायचं नाही का? मी तसाच धावत आलो असतो! तुझी टाकी थोडी तरी वाचवली असती!"

बहिणीनं त्यांच्या हातातला डबा काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"तेव्हा माझ्याकडे वाचवायला काही उरलंच नव्हतं, दादा. तुझी वाचावी म्हणून फोन केला होता."